चौदाव्या रस्त्यावरचे रिंगण

कोकणात घराचे काम काढले की पहिला निरोप मेस्त्रींना जातो. सुतारकाम असो की गवंडीकाम, ज्याच्या हाताखाली चार पोरे काम शिकतात तो मेस्त्री. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. मूळ शब्द 'मेस्त्रे', म्हणजे कसबात मुरलेला आणि ते कसब दुसऱ्याला देणारा. तोच शब्द पोर्तुगीज गलबतांतून अटलांटिक ओलांडून ब्राझीललाही पोचला. तिथे तो सुतार-गवंड्यांना लागला आणि कापोएरा शिकवणाऱ्या गुरूलाही लागला. ब्राझिली बोलीत शेवटचा 'ए' बराचसा 'इ'कडे झुकतो, त्यामुळे साल्वादोर शहराच्या गल्लीत एखाद्या शिष्याने गुरूला हाक मारली, तर मराठी कानाला ती थेट 'मेस्त्री' अशीच ऐकू येते.

अशाच एका मेस्त्रींनी १९९० मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये बिऱ्हाड केले आणि तिथे कापोएराचे रिंगण मांडले. त्यांचे नाव जुआंव ओलिवेरा दोस सांतोस. कापोएरा खेळणारे जगभरातले लोक त्यांना मेस्त्रे जुआंव ग्रांदे, म्हणजे 'मोठा जुआंव', या नावाने ओळखतात.

कापोएरा म्हणजे काय, हे एका शब्दात सांगता येत नाही. त्यात लढाई आहे, नाच आहे, गाणे आहे, वाद्ये आहेत आणि भरपूर हूल आहे. माणसे गोल उभी राहतात किंवा बसतात. या गोलाला पोर्तुगीजमध्ये 'रोदा' म्हणजे चाक म्हणतात, ब्राझिली तोंडी त्याचे 'होदा' होते. वारकऱ्यांचे रिंगण पाहिलेल्याला गोलाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. आत दोघे खेळतात, बाकीचे वाजवतात, टाळ्या देतात, गाण्याची ओळ उचलून धरतात. खेळणारे लाथ फेकतात, वाकतात, हातांवर उलटे होतात, जमिनीलगत सरपटतात. एकमेकांना लागेल इतके जवळ जातात आणि बहुतेक वेळा लागू देत नाहीत.

ही कला घडवली ती आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी आणि त्यांच्या वंशजांनी. तीन शतकांत सुमारे ४८ लाख माणसे साखळदंडांत ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. दुसऱ्या कोणत्याही देशात इतकी आणली गेली नाहीत. त्यांतली फार मोठी संख्या आजच्या अंगोला आणि काँगोच्या परिसरातली. गुलामी कायद्याने संपली १३ मे १८८८ रोजी. त्यानंतर दोनच वर्षांत, १८९०च्या दंडविधानात, रस्त्यावर कापोएरा खेळणे हाच गुन्हा ठरला. शिक्षा दोन ते सहा महिन्यांची कैद, टोळीच्या म्होरक्याला दुप्पट. बेरिंबाव या धनुष्यासारख्या वाद्यावर वाजणारा 'कावालारिया' नावाचा एक ठेका घोडदळाच्या टापांसारखा आहे. पोलीस येत असल्याचा इशारा म्हणून तो वाजवत, असे जुने मेस्त्रे सांगत आले. आज रिंगणात कोणाला पळायचे नसते, पण तो ठेका शिकवला जातो.

जुआंवचा जन्म १५ जानेवारी १९३३चा, बाइया राज्याच्या दक्षिण भागातल्या इताजी गावचा. घर शेतमजुराचे. दहा वर्षांचा असताना त्याने कोणाला तरी एक हालचाल करताना पाहिले: माणूस उकिडवा बसला, एक पाय पुढे सरळ ताणला आणि तो जमिनीलगत गोल फिरवला. फिरता पाय जवळ येताच दुसऱ्या पायाने त्यावरून टुणकन उडी. या हालचालीचे नाव 'कोर्ता कापिम', म्हणजे गवत कापणे. विळा फिरावा तसा तो पाय फिरतो. हे काय आहे, असे मुलाने विचारले. उत्तर मिळाले, हा नागो लोकांचा नाच. नागो म्हणजे योरुबा वंशाचे आफ्रिकी. एवढ्या एका उत्तरावर मुलाने घर सोडले. त्या नाचाच्या शोधात गावोगाव मजुरी करत तो फिरत राहिला आणि विसाव्या वर्षाच्या सुमारास साल्वादोरला पोचला. तिथे त्याने पहिल्यांदा खरे रिंगण पाहिले आणि आपण दहा वर्षे काय शोधतोय त्याचे नाव त्याला कळले.

शिकायचे कोणाकडे? विचारत विचारत तो दुसऱ्या एका जुआंवकडे पोचला आणि त्या जुआंवने त्याला आपल्या गुरूकडे पाठवले. ते गुरू म्हणजे व्हिसेंते फेरेरा पास्तिन्या.

पास्तिन्यांशिवाय ही गोष्ट पुढे सरकत नाही. जन्म १८८९. लहानपणी त्यांना एक दांडगा मुलगा रोज मारायचा. बेनेदितो नावाचा एक म्हातारा आफ्रिकी खिडकीतून ते पाहायचा. त्याने मुलाला हाक मारली आणि कापोएरा शिकवली, अशी आठवण पास्तिन्या स्वतः सांगत. १९३०च्या दशकात साल्वादोरमध्येच मेस्त्रे बिंबा यांनी या कलेला व्यायामशाळेची शिस्त दिली, वेगवान आणि लढाऊ असे नवे रूप घडवले. १९३७ मध्ये त्यांच्या शाळेला सरकारी नोंदणी मिळाली आणि कापोएरा गुन्हेगारीच्या कलंकातून बाहेर पडू लागली. पास्तिन्यांनी १९४१ मध्ये वेगळ्या वाटेने शाळा काढली. जुनी, जमिनीलगतची, संथ, कावेबाज कापोएरा जपायची म्हणून तिला त्यांनी 'अंगोला' हे नाव धरले. शिष्यांना पिवळा-काळा गणवेश दिला. हे रंग त्यांच्या आवडत्या इपिरांगा फुटबॉल क्लबचे. पायांत बूट, सदरा खोचलेला. रस्त्यावरच्या मवाल्यांची म्हणून हिणवलेली ही कला माणसाने नेटके होऊन, मान वर करून खेळावी, असा त्यांचा आग्रह होता. हा आग्रह ज्याच्या कपाळी 'गुन्हेगार' हा शिक्का मारलेला असतो त्याच्या बाजूने पाहिला की कळतो.

एका शाळेत दोन जुआंव झाले. म्हणून एक पेकेनो म्हणजे छोटा आणि दुसरा ग्रांदे म्हणजे मोठा. गंमत अशी की छोटा जुआंव १९१७चा, मोठ्यापेक्षा पंधरा वर्षांनी वडील. नावे उंचीवरून पडली होती. हे दोघे पास्तिन्यांचे दोन हात झाले. झाइर मौरा यांनी १९६८ मध्ये केलेल्या 'दान्सा दे गेर्रा' या लघुपटात दोघेही दिसतात. तेव्हाच्या जुआंव ग्रांदेंना पाहताना डोळ्यांत भरतो तो त्यांच्या लांब हातापायांचा सैलपणा. उंच माणूस इतका खाली जाऊ शकतो, आणि खाली गेल्यावर इतका मोकळा राहू शकतो, हे पाहूनच पटते.

१९६६ मध्ये सेनेगालची राजधानी डाकार येथे कृष्णवर्णीय कलांचा पहिला जागतिक महोत्सव भरला. ब्राझीलच्या पथकात सत्याहत्तर वर्षांचे पास्तिन्या होते, त्यांची दृष्टी तेव्हा जवळजवळ गेली होती. त्यांच्याबरोबरच्या मोजक्या शिष्यांत जुआंव ग्रांदे होते. ज्या खंडातून त्यांचे पूर्वज साखळदंडांत नेले गेले, तिथे हे लोक विमानाने, देशाचे कलावंत म्हणून परतले.

आणि मायदेशात काय वाढून ठेवले होते? साल्वादोरच्या पेलौरिन्यो चौकातली १९ क्रमांकाची इमारत ही पास्तिन्यांची शाळा. १९७१ मध्ये दुरुस्तीसाठी ती रिकामी करून घेण्यात आली. शाळा परत मिळाली नाही, त्या जागी पुढे रेस्टॉरंट आले. आंधळे, निर्धन पास्तिन्या अखेरीस वृद्धाश्रमात राहिले आणि १३ नोव्हेंबर १९८१ रोजी वारले. बिंबा तर त्याआधीच, १९७४ मध्ये, साल्वादोरला कंटाळून दूर गोइयानियाला जाऊन तिथे हलाखीत वारले होते. ज्या दोन माणसांच्या नावावर आज ब्राझील मिरवतो, त्या दोघांना त्यांच्या शहराने म्हातारपणी छप्पर दिले नाही. ही नोंद सौम्य शब्दांत करण्याचे काही कारण नाही.

जुआंव ग्रांदे यांचे त्या काळात असेच चालले होते. एमिलिया बियांकार्दी यांच्या 'व्हिव्हा बाइया' या लोककला पथकाबरोबर ते परदेश फिरून आले होते, पण पोटाला ते पुरेना. ते दिवसा पेट्रोल पंपावर काम करत, रात्री पर्यटकांसाठीच्या कार्यक्रमांत खेळत. शिकवणे थांबले होते. पास्तिन्यांनी ज्यांच्याकडे आपला वारसा म्हणून बोट दाखवले, त्यांतला एक जण गाड्यांत पेट्रोल भरत होता. छोट्या जुआंवने १९८२ मध्ये साल्वादोरच्या एका जुन्या किल्ल्यात शाळा उघडून धागा टिकवला होता. मोठ्या जुआंवना परत आणले ते त्यांच्या परंपरेतल्या पुढच्या पिढीने. मेस्त्रे मोराइस आणि त्यांचे शिष्य कोब्रा मान्सा यांनी रिओहून येऊन साल्वादोरमध्ये अंगोला शैलीचे काम नव्याने सुरू केले होते. त्यांनी जाऊन मेस्त्रेंची मनधरणी केली आणि १९८०च्या दशकाच्या मध्यात ते पुन्हा रिंगणात उतरले.

अमेरिकेची वाट आधीच मळलेली होती. झेलोन व्हिएरा आणि लोरेमिल माशादो हे दोघे १९७५ मध्ये न्यूयॉर्कला आले होते आणि नाट्यगृहांत, शाळांत, उद्यानांत कापोएरा दाखवत होते. बिंबांचे शिष्य मेस्त्रे आकोर्दिओन १९७८ मध्ये अमेरिकेत गेले आणि कॅलिफोर्नियात स्थिरावले. झेलोन यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये जुआंव ग्रांदे अमेरिकेत येऊन गेले. १९९० मध्ये अटलांटाच्या कृष्णवर्णीय कला महोत्सवासाठी ते पुन्हा आले आणि तिथून न्यूयॉर्कला राहिले ते राहिलेच.

मॅनहॅटनचा चौदावा रस्ता हा स्वस्त कपड्यांच्या दुकानांचा, गर्दीचा, भुयारी रेल्वेच्या धडधडाटाचा. तिथे जिना चढून गेले की त्यांची कापोएरा अंगोलाची शाळा लागे. इंग्रजी त्यांना फारशी आली नाही. आठवड्याचे बहुतेक दिवस वर्ग, आणि शिकवण्याची भाषा पोर्तुगीज, तीही मोजकी. नवख्याला वाटावे, इथे कोणी समजावून का सांगत नाही? मेस्त्रे हालचाल करून दाखवत. पुन्हा दाखवत. शिष्याचा पाय चुकला तर पाय धरून जागेवर ठेवत, की लगेच पुढची हालचाल.

यात एक पद्धत आहे आणि आपल्या तालमीत वाढलेल्याला ती लगेच ओळखू येईल. कोल्हापूरचा वस्ताद डाव शिकवताना व्याख्यान देत नाही. तो पोराला हौद्यात उतरवतो, पकड कुठे सैल आहे ते त्याच्याच अंगाला कळू देतो. कापोएरामध्ये याला आणखी एक कारण आहे. इथे एकट्याने बसवलेली हालचाल अर्धवटच राहते, कारण प्रत्येक हालचाल समोरच्याच्या हालचालीला दिलेले उत्तर असते.

एवढा एकच प्रसंग पाहा. दोघे बेरिंबावच्या पायाशी उकिडवे बसले आहेत. गाणे संपते, दोघे जमिनीला हात लावतात, एकमेकांचे हात धरतात आणि आत शिरतात. पहिला दोन्ही तळवे जमिनीवर टेकून, पाठ फिरवून टाच गोल फेकतो. या फटक्याचे नाव 'राबो दे आराइया', पाकटाची शेपटी. ज्याने मासेबाजारात पाकट पाहिले आहे त्याला नाव का पडले ते सांगायला नको. टाच डोक्याच्या उंचीवरून येते. दुसरा मागे पळत नाही. तो एका हातावर खाली उतरतो, शरीर जमिनीला समांतर, एक पाय पुढे ताणलेला, आणि नजर समोरच्यावर. टाच वरून निघून जाते. आता पहिल्याची पाठ उघडी आहे. दुसरा डोके पुढे करून त्याच्या बरगडीपाशी नेतो आणि तिथेच थांबतो. ढुशी मारता आली असती, मारली नाही. पहिल्याला ते समजते, रिंगणालाही समजते, कोणीतरी हसते. खेळ न थांबता पुढे जातो.

या थांबण्यातच अंगोला शैलीचा गाभा आहे. मारून दाखवणे सोपे. मारता येत होते हे दाखवून सोडून देणे अवघड, कारण त्यासाठी वेग, अंतर आणि राग या तिन्हींवर ताबा लागतो. खेळाडू याच्याशी जोडून 'मालीसिया' हा शब्द वापरतात. त्यात कावा आहे, सावधपणा आहे, समोरच्याच्या मनात काय चालले आहे त्याचा वास आधी घेण्याची हुशारी आहे. 'शामादा' नावाचा प्रकार हेच शिकवतो. एक जण खेळ थांबवून हात पसरून उभा राहतो, जणू मैत्रीला बोलावतो. दुसऱ्याने जवळ जायचे, हाताला हात लावायचा आणि दोघांनी दोन-चार पावले पुढे-मागे चालायचे. केव्हाही फटका येऊ शकतो. जाताना कोपर कुठे, गुडघा कुठे, हे सांभाळले नाही तर धडा मिळतो.

जुआंव ग्रांदे शिष्यांना निसर्गाकडे पाहायला सांगत आले आहेत: समुद्राची लाट, वाऱ्यात हलणारे झाड, मासा, पक्षी, साप. हे ऐकायला कवितेसारखे वाटते, पण वर्गात त्याचा अर्थ अगदी व्यवहाराचा असतो. 'जिंगा' म्हणजे कापोएराची मूळ डुलती चाल. लाट जशी माघारी फिरतानाच पुढच्या येण्याची तयारी करते, तसे वजन एका पायावरून दुसऱ्यावर गेले पाहिजे. मधे कुठे शरीर 'थांबले' की तिथेच समोरचा पाय ओढतो.

शरीर हा शिक्षणाचा निम्माच भाग. उरलेला निम्मा वाद्यांचा. अंगोला रिंगणात साधारण आठ वाद्ये: तीन बेरिंबाव, दोन पांदेरो नावाच्या खंजिऱ्या, आताबाके हा उभा ढोल, एक लोखंडी घंटा आणि एक खरखरणारा बांबू. बेरिंबाव म्हणजे धनुष्यच. बिरिबा झाडाची चार-पाच फुटांची काठी वाकवायची आणि तिला पोलादी तार ताणायची. ही तार बहुधा जुन्या टायरच्या कडेतून सोलून काढलेली असते. खाली पोकळ भोपळा बांधायचा. डाव्या हाताच्या करंगळीवर सगळे वजन, त्याच हातात तारेला टेकवायला एक नाणे किंवा दगड. उजव्या हातात बारीक काठी आणि बियांचा खुळखुळा. नाणे टेकवले की सूर चढतो, सोडले की उतरतो, अर्धवट टेकवले की तार झणझणते. भोपळ्याचे तोंड पोटाशी दाबले-सोडले की आवाज मिटतो आणि उघडतो. नवशिक्याची करंगळी पहिल्याच आठवड्यात सोलवटते. तीन बेरिंबावांतला सर्वांत खर्जाचा 'गुंगा' रिंगणाचा धनी. खेळ केव्हा सुरू, किती वेगाने, केव्हा बंद, हे सारे तो ठरवतो.

खेळाआधी एकट्याने म्हणायच्या लांब गाण्याला 'लादाइन्या' म्हणतात. गोव्यात क्रुसापुढे 'लदीन' म्हणतात ती हीच. शब्द एकच, चर्चमधल्या प्रार्थनेचा. आणि धनुष्याच्या या वाद्याचे नातलगही आपल्यापासून दूर नाहीत. अंगोलात त्याला हुंगु म्हणतात. गुजरातेतल्या सिद्दी समाजाकडे मलुंगा नावाचे असेच भोपळ्याचे धनुष्य आहे, काठीने वाजवायचे. जंजिऱ्यामुळे सिद्दी हे नाव मराठी वाचकाला परके नाही. सिद्दींचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतून हिंदी महासागर ओलांडून आले, बाइयातल्या लोकांचे पूर्वज अटलांटिक ओलांडून गेले. दोन्ही समुद्रांवर माणसांचा व्यापार झाला, त्यात पोर्तुगीज जहाजेही होती. जमीन, भाषा, नाव असे पुष्कळ काही हिरावले गेले, पण काठी, तार आणि भोपळा यांपासून सूर कसा काढायचा, ही आठवण दोन्हीकडे हातांत राहिली.

न्यूयॉर्कच्या शाळेला मान्यता मिळत गेली. १९९५ मध्ये न्यू जर्सीच्या अप्साला कॉलेजने मेस्त्रेंना मानद डॉक्टरेट दिली. २००१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कला निधीने त्यांना राष्ट्रीय वारसा फेलोशिप दिली. लोककला आणि पारंपरिक कलांसाठी त्या देशातला हा सर्वोच्च सन्मान. ब्राझीलने २००८ मध्ये कापोएराचे रिंगण आणि 'मेस्त्रे' हे कसब, दोन्हींची राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद केली. २०१४ मध्ये युनेस्कोने कापोएराचे रिंगण मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. क्रम पाहण्यासारखा आहे: परदेशाने आधी ओळखले, घरच्यांनी नंतर. आपल्याकडच्या पुष्कळ कलावंतांच्या वाट्याला हाच क्रम आला आहे.

परदेशात जाऊन कला पातळ होते का, हा प्रश्न कापोएरातल्या लोकांमध्ये कायम चर्चेत असतो. अभ्यासकांनी यावर ग्रंथ लिहिले आहेत. खरी अडचण फटक्यांची किंवा गाण्यांची नाही, ती शिकता येतात. अडचण आहे रिकाम्या वेळेची. साल्वादोरमध्ये शिष्य गुरूच्या आसपास तासन् तास असायचा. तार ताणायला मदत करायचा, जुन्या खेळाडूंच्या भांडणांच्या गोष्टी ऐकायचा, कोणी कोणाला कधी फसवले ते त्याला कळायचे. न्यूयॉर्कचा शिष्य कचेरी सुटल्यावर येतो, फी भरतो, दीड-दोन तासांनी रेल्वे पकडतो. जुआंव ग्रांदेंच्या शाळेतले जे विद्यार्थी पुढे स्वतः शिकवू लागले ते वर्षानुवर्षे चिकाटीने राहिलेले, गाण्यांसाठी पोर्तुगीज शिकलेले, आधी येऊन आणि उशिरा जाऊन हा रिकामा वेळ स्वतः निर्माण केलेले. उलट फीचा हा व्यवहार नसता तर हे मेस्त्रे पंपावरच राहिले असते, हेही तितकेच खरे. ज्यांना ही देवाणघेवाण खटकते त्यांनी पास्तिन्यांचे अखेरचे दिवस आठवावेत.

आता जगात क्वचितच असे मोठे शहर असेल जिथे बेरिंबाव वाजत नाही. मुंबईतही वर्ग चालतात. पास्तिन्या, दोन जुआंव आणि मोराइस ही नावे बर्लिन-टोकियोच्या रिंगणांत रोज घेतली जातात, कारण प्रारंभीच्या गाण्यानंतर गुरूंना आणि गुरूंच्या गुरूंना वंदन करण्याची रीतच आहे.

चौदाव्या रस्त्यावरही ती रीत पाळली जायची. समजा, तिथल्या रिंगणात दोघे खेळत आहेत, एकाचा तोल जरा सुटला आहे, हूल संपून खुन्नस डोकावू लागली आहे. पंचाची शिट्टी नाही, ओरडणे नाही. गुंगा धरलेला माणूस ठेका सोडून एकच सूर पुन्हा पुन्हा मारतो. दोघे जिथे असतील तिथून परत फिरतात, बेरिंबावच्या पायाशी येऊन उकिडवे बसतात आणि श्वास खाली बसेपर्यंत वाट पाहतात. भोपळ्याचे तोंड पोटाशी मिटते, उघडते. मग धनुष्य किंचित खाली झुकते आणि दोघांना पुन्हा आत जायची परवानगी मिळते.